पाय धुण्याचा कार्यक्रम

आमच्या हॉस्पिटलच्या लॉबीत, चौकशीच्या काउंटरमागे, एक मोठा फोटो लावलेला आहे. डायरेक्टर साहेब गुडघ्यांवर बसलेत आणि खुर्चीवर बसलेल्या एका मुलीचे पाय धुतायत. पितळी परात, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. खाली लिहिलंय, ‘नेतृत्व म्हणजे सेवा’. पेशंटचे नातेवाईक थांबून बघतात. एक आजोबा मला म्हणाले, "नशीबवान आहात हो, असा मालक मिळायला." बायकोला बरी करून घरी घेऊन चाललेल्या माणसाला काय सांगणार? पण वर वॉर्डात पोचेपर्यंत माझा जबडा दुखायला लागला, इतके दात मी आवळून धरलेले.

तो फोटो काढला तेव्हा मी तिथे होते. त्या खुर्चीवर त्या मुलीच्या आधी कुणाला बसवलेलं, तेही मी पाहिलं आहे.

मी नर्स आहे. राहायला डोंबिवलीत, नोकरी ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात. मी लागले तेव्हा जनरल वॉर्डच्या इनचार्ज एक ख्रिस्ती बाई होत्या, उत्तनकडच्या एका गावातल्या. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं ‘सिस्टर’ म्हणायचो. वॉर्डात नर्सेस सगळ्याच सिस्टर, पण कुणी "सिस्टरना विचार" म्हटलं की ते त्यांच्याबद्दलच असायचं. त्यांचे वडील मिठागरात कामाला होते. बोलताना त्या शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या की गावचा हेल यायचा आणि समोरची कोणीही असो, तिची ‘बाय’ व्हायची. "अगं बाय, ही सलाइन तू लावलीस की वाऱ्याने लागली?"

त्या गोड वगैरे नव्हत्या. कुणाचा वाढदिवस त्यांच्या लक्षात राहायचा नाही. कॉम्प्युटरवर एंट्री करायला त्यांनी कायम नाक मुरडलं आणि ते काम आमच्या गळ्यात पडलं. एखाद्या डॉक्टरशी बिनसलं की महिनोन्महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलायच्या. पण त्यांच्या वॉर्डात कुठल्याही मुलीचा जेवणाचा डबा बंदच्या बंद घरी गेला नाही. दुपार झाली की त्या येऊन हातातला ट्रे काढून घ्यायच्या. "जा, खाऊन ये. तुझे पेशंट मी बघते." आणि खरोखर बघायच्या. मी जेवून परत आले की कधी त्या बेडपॅन घेऊन निघालेल्या दिसायच्या, कधी एखाद्या म्हाताऱ्याची दाढी पुसत असायच्या. दिवाळीची ड्युटी लावताना पहिलं नाव स्वतःचं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "माझा सण डिसेंबरात. तेव्हा तुम्ही आहातच की." डिसेंबरातही त्या दिसायच्याच.

एकदा एका पेशंटचा मुलगा चार-पाच दोस्त घेऊन वॉर्डात घुसला. वडिलांना इंजेक्शन उशिरा मिळालं म्हणून आमच्यातल्या एका नवीन मुलीच्या अंगावर धावून आला. ती भिंतीला चिकटलेली. सिस्टर मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. उंची बेताची, त्यांचं डोकं त्या माणसाच्या छातीला लागत होतं.

"तिला मी थांबायला सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "जे बोलायचं ते मला बोला."

त्यांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. ती मुलगी विसरली होती, हे आम्हा दोघी-तिघींना माहीत होतं. तो माणूस बरंच बडबडला, सिस्टरनी ऐकून घेतलं, वडिलांची तब्येत समजावून सांगितली आणि त्याला खाली पाठवलं. मग त्या मुलीला स्टोअररूममध्ये नेऊन असं काही फैलावर घेतलं की बाहेर उभ्या असलेल्या मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यानंतर तो विषय संपला. मेट्रनच्या कानावर तो कधी गेला नाही. त्या मुलीची इंजेक्शनची वेळ पुन्हा कधी चुकली नाही.

हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की पुढे ज्या गोष्टीचं आम्हाला पैसे मोजून आणलेल्या माणसाकडून शिक्षण मिळणार होतं, ती आमच्या वॉर्डात रोज चालू होती. तिला कुणी नाव दिलं नव्हतं, एवढंच.

आमच्याकडे एक मावशी होत्या. साफसफाईच्या. कल्याणच्या पुढच्या एका गावातून यायच्या. नवरा वारलेला, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. त्या हॉस्पिटलच्या पगारावर नव्हत्या, कॉन्ट्रॅक्टरच्या होत्या. बेडपॅन धुवायच्या खोलीचा नळ आणि गटार दोन्ही त्यांच्या वाट्याला. त्या गटाराचा उतार कुणी चुकवला देव जाणे, पाणी जायचंच नाही. घोट्याएवढ्या घाण पाण्यात, प्लॅस्टिकच्या चपला घालून मावशी काम करायच्या. आधी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. त्यांना साखरेचा त्रास होता. चिखल्यांची जखम झाली, जखम भरेना.

सिस्टर रोज ड्युटी संपली की त्यांना स्टुलावर बसवून ड्रेसिंग करायच्या. आणि रोज कुणाला ना कुणाला फोन करायच्या. गटार दुरुस्त करा, मावशींना गमबूट द्या. एचआरच्या मॅडम म्हणायच्या, त्या कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत, गमबूट त्याने द्यायचे. कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा, गटार हॉस्पिटलचं आहे, पाणी तुंबत नसतं तर बूट लागलेच नसते. दोघांचंही बोलणं ऐकायला बरोबर वाटायचं आणि मावशी पाण्यातच. सिस्टरनी त्यांना चादरी घड्या करायच्या कोरड्या कामावर बसवलं, तर कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर येऊन परत पाण्यात उभं करून गेला. "मॅडम, माझी माणसं कुठे लावायची ते मी ठरवतो," तो सिस्टरना म्हणाला. मावशीच त्यांना म्हणाल्या, "जाऊ द्या सिस्टर. तुम्ही माझ्यापायी कोणाकोणाशी भांडाल?"

अशात हॉस्पिटलचे मालक, मोठे डॉक्टर, निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा डायरेक्टर झाला. बाहेर शिकून आलेला, दिसायला शांत, बोलायला अतिशय नम्र. लिफ्टमध्ये भेटला तर वॉर्डबॉयलाही आधी नमस्कार करणार. आम्हाला तो आवडला, खोटं कशाला सांगू. आल्यावर काही महिन्यांनी त्याने आम्हाला हॉलमध्ये बोलावलं. पुण्याहून एक ट्रेनर आलेला, कानाला माइक अडकवलेला. त्याने पडद्यावर एक त्रिकोण दाखवला आणि तो उलटा केला. टोक खाली, पाया वर.

"आता बघा," तो म्हणाला, "तुमचे डायरेक्टर सर्वांत खाली आले. त्यांच्या डोक्यावर मॅनेजर, मॅनेजरच्या डोक्यावर तुम्ही, आणि सगळ्यांत वर पेशंट. खरा नेता हा सेवक असतो. त्याने रोज स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, माझ्या माणसांना काम करायला काय कमी पडतंय?"

मला हे पटलं. आजही पटतं. मी शेजारी बसलेल्या सिस्टरकडे पाहिलं, मला वाटलं त्या हसत असतील. त्या हसत नव्हत्या. त्यांनी हात वर केला आणि उभ्या राहिल्या.

"आमच्या बेडपॅनच्या खोलीतलं गटार तुंबतं," त्या म्हणाल्या. "तिथे काम करणाऱ्या बाईच्या पायाला जखम झाली आहे. तिला बूट कमी पडतायत."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ट्रेनरही हसला, चांगल्या मनाने हसल्यासारखा. "सिस्टर, खूप छान. पण आज आपण प्रॉब्लेम नाही, मानसिकता बदलतोय. मानसिकता बदलली की प्रॉब्लेम आपोआप सुटतात."

डायरेक्टर साहेबांनी मान डोलावली. सिस्टर खाली बसल्या. माझ्या रागाची सुरुवात मी तिथून धरते. ट्रेनरने प्रश्न सांगितला होता, उत्तर मिळालं तेव्हा तोच ते ऐकायला तयार नव्हता.

मग खडवलीचा कार्यक्रम ठरला. नदीकाठी एक फार्महाउस घेतलेलं. रविवार, म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणींची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी येणं ऐच्छिक आहे असं सांगितलं आणि न येणाऱ्यांची नावं मेट्रननी विचारून घेतली. ज्या वॉर्डात थांबल्या त्यांना सलग दोन ड्युट्या. सकाळी खोपटच्या स्टँडवरून बस निघाली. बसमध्ये चढताना प्रत्येकीला पिवळा टी-शर्ट, छातीवर ‘मी सेवक’. मावशींनाही दिला. साडीवर तो टी-शर्ट घालून त्या खिडकीशी बसल्या होत्या, पायात स्वच्छ पांढरं ड्रेसिंग. आदल्या दिवशी सिस्टरनी जाताना जरा जास्तच गुंडाळून दिलेलं.

"मावशी, तुम्ही कशाला आलात?" मी विचारलं. "पाय वर ठेवून घरी पडायचं ना."

"सुपरवायझर बोलला, साहेबांनी बोलावलंय. नाही आले तर खाडा धरेल."

फार्महाउसवर दुपारचं जेवण मॅनेजर लोकांनी वाढलं. एप्रन घालून, डोक्याला टोप्या. पहिली पंगत बसली, प्रत्येकाने एकेक पुरी वाढली, फोटो झाले, आणि ते सगळे आतल्या एसीच्या खोलीत जेवायला गेले. पुढचं केटररच्या पोरांनी वाढलं. शेवटच्या पंगतीला श्रीखंड उरलं नाही. त्या पंगतीत मावश्या आणि ड्रायव्हर होते.

जेवणानंतर हिरवळीवर खुर्च्या मांडल्या. पुढे एकच मोठी खुर्ची, तिला फुलांची माळ. तिच्यापाशी परात, तांब्या, नवाकोरा टॉवेल. स्पीकरवर बासरी लागलेली. ट्रेनर म्हणाला, आता सर आपल्या सर्वांत ज्येष्ठ सेविकेचे पाय धुणार आहेत. एचआरच्या मॅडम मावशींना दंडाला धरून पुढे घेऊन गेल्या. मावशींना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, हात मांडीवर.

डायरेक्टर साहेब गुडघे टेकून बसले. पँट खराब होऊ नये म्हणून खाली चटई होती. त्यांनी हात पुढे केले, मावशींची चप्पल काढली आणि त्यांना ते ड्रेसिंग दिसलं. सकाळपासूनच्या चालण्याने ते सरकलं होतं. कडेला पिवळा डाग आला होता. इतक्या जवळून त्यांना वासही आला असणार.

त्यांचे हात हवेत थांबले. तो क्षण मला अजून दिसतो. ते डॉक्टरचे चिरंजीव, हॉस्पिटलचे मालक, त्यांनी त्या पायाकडे पाहिलं आणि मग मावशींच्या तोंडाकडे न पाहता एचआरच्या मॅडमकडे पाहिलं. फोटोग्राफर कॅमेरा खाली करून म्हणाला, "मॅडम, हे फ्रेममध्ये बरं नाही दिसणार. दुसरं कोणी बसवता येईल का?"

त्याला मी दोष देत नाही. तो फोटोच काढायला आलेला.

मॅडम वाकून हळू म्हणाल्या, पण पहिल्या रांगेत आम्हाला ऐकू आलं, "मावशी, तुम्ही तिकडे जरा आराम करा हां. तुम्हाला त्रास नको."

मावशी उठल्या. चप्पल परातीच्या पलीकडे गेलेली, ती कुणी दिली नाही. खडी पसरलेल्या वाटेवरून एक पाय टाचेवर टेकत त्या मागच्या बाजूला गेल्या. तेवढ्यात मॅडमनी रिसेप्शनवरच्या एका मुलीला हात केला. गोरी, नीटनेटकी पोर, पायाच्या नखांना गुलाबी रंग. ती नको नको म्हणत होती. तिला बसवलं. साहेबांनी तिचे पाय धुतले, पुसले, डोळे मिटून नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. मुलीचे डोळे भरून आले. लॉबीतल्या फोटोत तिच्या डोळ्यांत पाणी दिसतं आणि लोकांना वाटतं ती भारावून गेली आहे. बसमध्ये ती मला म्हणाली होती, "ताई, मला मरून जावंसं वाटत होतं."

टाळ्या चालू असताना सिस्टर उठल्या. पुढे गेल्या, परातीजवळची मावशींची चप्पल उचलली आणि सगळ्यांसमोरून मागे निघून गेल्या. मीही गेले.

मागे आंब्याच्या झाडाखाली एक नळ होता. मावशी कट्ट्यावर बसलेल्या. सिस्टरनी मला बसमधली प्रथमोपचाराची पेटी आणायला पाठवलं. मी आले तेव्हा त्या जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आणि मावशींचा पाय त्यांच्या मांडीवर होता. पिवळ्या टी-शर्टला डाग पडत होते. त्या जखम धूत होत्या, रोज धुवायच्या तशीच, घाई न करता.

"मी काय सांगितलेलं का त्यांना पाय धुवा म्हणून?" मावशी म्हणाल्या. रडत नव्हत्या. आवाज मात्र जड झालेला. "माझ्या घरात मी नीट बसलेले. स्वतः बोलावलं, स्वतः बसवलं, वरून उठवलं."

"हूं," सिस्टर म्हणाल्या.

मग गॉज कापता कापता त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "आमच्या चर्चमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर पाय धुतात. गावातल्याच माणसांचे. एक वर्षी माझ्या बाबांचे धुतले. मिठागरातले पाय ते. भेगांत मीठ जाऊन जाऊन कातडं दगडासारखं झालेलं. बाबा लाजून पाय मागे घेत होते. फादरनी सोडला नाही. घोट्याला घट्ट धरून ठेवला आणि म्हणाले, हाच तर धुवायचा आहे." त्यांनी पट्टीची गाठ मारली. "मी लहान होते. पण फादर बाबांच्या तोंडाकडे बघत होते, ते मला आठवतं."

इतकं बोलून त्या उठल्या. त्यांच्या तोंडून स्वतःच्या घराबद्दल मी ऐकलेलं सगळ्यांत लांब बोलणं ते.

आम्ही परत आलो तर गोल करून सगळे बसलेले. ट्रेनर माइक फिरवत होता. आजच्या दिवसाबद्दल प्रत्येकाने एक शब्द सांगायचा. ‘कृतज्ञ.’ ‘भारावले.’ ‘कुटुंब.’ मेट्रन म्हणाल्या, ‘निःशब्द’, आणि त्यावर पुष्कळ बोलल्या. माइक माझ्याकडे आला. मी काही ठरवलं नव्हतं.

"मला एक शब्द पुरणार नाही," मी म्हणाले. "ज्या बाईला तुम्ही खुर्चीवरून उठवलंत, तिचा पाय आपल्याच हॉस्पिटलच्या गटारात सडलाय. तिला बूट हवे होते, पाय धुणं नको होतं. आणि धुवायचेच होते तर तोच पाय धुवायचा. तोच सोडून दुसरा धुतलात. फोटोसाठी धुतलात."

बासरी चालूच होती. कुणालाही ती बंद करायचं सुचलं नाही. ट्रेनर सावरून म्हणाला, "हे बोलल्याबद्दल धन्यवाद. बदलाला असा विरोध होणं अगदी स्वाभाविक आहे." साहेब म्हणाले, "मी तुमच्या भावनांचा आदर करतो." त्यांचा चेहरा लाल झालेला, पण आवाज तोच मऊ. मला तो मऊपणा सहन होईना. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. आदराशी भांडता येत नाही.

तेवढ्यात सिस्टरनी माझ्या हातातून माइक घेतला. "ती बोलली ते माझ्या वॉर्डचं बोलणं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या सांगण्यावरून बोलली. त्याबद्दल जे विचारायचं ते मला विचारा."

मी "नाही, नाही" म्हणत राहिले. माइक त्यांच्याकडे होता.

त्यांना विचारण्यात आलं. त्याच आठवड्यात. एका बंद केबिनमध्ये मेट्रन, एचआर आणि साहेब, आणि सिस्टर एकट्या. त्यांना वॉर्डातून काढलं नाही, असं म्हणायची सोय ठेवून काढलं. गुणवत्ता विभाग नावाची एक खोली तळघरात उघडली, तिथे त्यांना बसवलं. पेशंट नाही, मुली नाहीत. ज्या कॉम्प्युटरचा त्यांना तिटकारा, तोच समोर. आणि मावशींना कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तब्येतीच्या काळजीपोटी.

इनचार्जची जागा रिकामी झाली आणि ती मला देऊ केली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सरांना धीट माणसं आवडतात." मी तशीच उठून तळघरात गेले.

"मी नाही म्हणून सांगणार आहे," मी सिस्टरना म्हणाले. "थुंकते मी त्या खुर्चीवर."

त्यांनी चष्मा काढला. "मग कोण बसेल तिच्यावर?"

"कोणी का बसेना."

"बाय, ती खुर्ची साहेबाची नाही. त्या मुलींची आहे. बाहेरून कोणी आणतील. त्या बाईला आपले पेशंट माहीत नाहीत, मुलींच्या घरची परिस्थिती माहीत नाही. तुझा राग तुझ्याजवळ ठेव, वाटलं तर रोज येऊन इथे काढ. पण जागा घे."

"म्हणजे त्यांचं बरोबर झालं."

"त्यांचं काय झालं ते त्यांना बघू दे. तुझ्या वॉर्डात आज कोण जेवलेलं नाही ते तू बघ."

मी जागा घेतली. आणि पहिल्याच दिवशी, सकाळची ड्युटी दुपारच्या मुलींच्या हाती सोपवल्यावर, सकाळच्या सगळ्या मुलींना घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन बसले. कुणी घोषणा दिल्या नाहीत. एकही पेशंट खोळंबला नाही, कारण आमची ड्युटी संपलेली. आम्ही फक्त घरी गेलो नाही. संध्याकाळच्या व्हिजिटला आलेले मोठे सर्जन आमच्याकडे बघून आत गेले आणि बराच वेळ आत होते. सिस्टर ज्यांच्याशी महिनोन्महिने कामापुरतंच बोलायच्या, त्यांतलेच ते एक. आत काय बोलले माहीत नाही. दार उघडलं तेव्हा साहेबांनी आम्हाला बोलावलं आणि विचारलं, "काय हवंय?"

मी सांगितलं. मावशी परत हव्यात, कोरड्या कामावर. गटार नीट करून हवं. सिस्टर वॉर्डात परत हव्यात.

पहिली दोन मिळाली. पुढच्या महिन्यात बाहेरचे लोक हॉस्पिटल तपासायला येणार होते, त्यामुळे गटार फार पटकन फोडलं आणि फार पटकन बांधलं गेलं. गमबूटही आले. सगळे पुरुषांच्या मापाचे. नंतर आलेल्या मावश्या त्यात जुन्या चिंध्या कोंबून वापरतात. मावशींना चादरींच्या खोलीत बसवलं. त्यांची जखम भरायला पुढचा पावसाळा जावा लागला, एक बोट मात्र गेलं. त्याचं कुणी नाव काढत नाही. हॉस्पिटलच्या मासिकात साहेबांचा लेख आला, ‘मी ऐकायला शिकलो’. त्यात आम्ही होतो, ‘माझ्या काही धाडसी भगिनी’ म्हणून. ते पान मी फाडून कचऱ्यात टाकलं. पिवळ्या पिशवीत टाकलं, जिच्यात आम्ही वापरलेली ड्रेसिंग टाकतो.

तिसरी गोष्ट मिळाली नाही. "ते प्रशासनाचं आहे," साहेब म्हणाले. सिस्टर काही महिने तळघरात बसल्या आणि मग राजीनामा देऊन गेल्या. निरोप समारंभाला केक आणलेला, त्या आल्याच नाहीत. त्या दिवशी सकाळी वॉर्डात येऊन प्रत्येक बेडपाशी थांबून पेशंटला कसं आहे विचारून गेल्या. नंतर कळलं, गावाजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागल्या.

लोक मला सांगतात, आता झालं ना, पुष्कळ मिळवलंत, सोडून दे. मी सोडत नाही. साहेब वाईट माणूस असता तर मी कदाचित सोडलंही असतं. त्यांना खरोखर वाटतं की ते सेवक आहेत. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट त्यांच्या केबिनमध्ये फ्रेम करून आहे. आणि ज्या बाईने उभ्या आयुष्यात तो शब्द कधी उच्चारला नाही, तिला त्यांनी पेशंटपासून तोडून तळघरात बसवलं, अत्यंत नम्रपणे. नाव त्यांनी घेतलं आणि काम करणारी घालवली. हे मी का विसरावं, मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही वॉर्डातल्या काही जणी सुट्टी जुळवून त्यांच्या गावी गेलो. मावशीही आल्या होत्या. सिस्टर मागच्या दारी बोंबील साफ करत बसलेल्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, "आलात? हात धुवा आणि बसा," एवढंच. मग प्रत्येकीला कामाला लावलं. एकीला कांदे, एकीला नारळ. मावशींना मात्र खुर्ची दिली आणि पायाखाली पाट.

मी त्यांच्याशेजारी बसून बोंबलांची डोकी काढत होते. साहेबांनी परत एक शिबिर काढलंय, रविवारीच, आणि मी माझ्या वॉर्डातल्या कुणालाही सुट्टीच्या दिवशी पाठवणार नाही म्हणून कळवलंय, ते मी त्यांना सांगितलं. मेट्रननी मला बोलावून काय काय सुनावलं तेही सांगितलं.

"राग आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे. वाढलाय."

"असू दे. माझाही आहे." त्यांनी टोपलीतला पुढचा बोंबील उचलला. "फक्त तो वर ने. खाली मुलींवर सांडू नको."

मग आतून कुणीतरी मीठ कुठे आहे विचारलं आणि त्या हात पुसत उठल्या.